खोक्यावरचे आकडे

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नातवाला घेऊन मी पुण्याच्या तपकीर गल्लीत गेले होते. दहा वर्षांचा हा मुलगा सहामाहीत गणितात बरे गुण मिळवून आला होता, आणि ‘बरे गुण मिळाले तर’ या शब्दांनी सुरू होणारं एक वाक्य मी जून महिन्यात बेसावधपणे बोलून बसले होते. त्याला हवी असलेली वस्तू धड टॅब्लेट नव्हे आणि धड खेळणंही नव्हे. मध्ये सात इंची स्क्रीन, दोन्ही बाजूंना बटणं, अंगठ्यानं फिरवायच्या दोन बुटक्या जॉयस्टिक. दोन्ही हातांत धरायचं आणि खेळायचं. नावाजलेल्या कंपन्यांची अशी यंत्रं आपल्याकडे येईपर्यंत निवृत्तिवेतन घेणाऱ्या माणसाला घाम फुटेल अशा किमतीला पोचतात. दुकानदारानं पुढं केलं ते साडेसहा हजारांचं होतं.

“काकू, हे बघा,” खोकं माझ्याकडे फिरवत तो म्हणाला, “आठ कोअर, आठ जीबी रॅम, पाच हजारची बॅटरी, दहा हजार गेम. मोठ्या कंपनीत नुसत्या नावाचे पैसे घेतात.”

मी बँकेत एकतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी कर्ज विभागात. समोरचा माणूस जो आकडा स्वतःहून, न विचारता सांगतो, तो सोडून बाकीचे आकडे आधी बघायचे, हे मी कितीतरी नव्या अधिकाऱ्यांना शिकवलं असेल. पण त्या दिवशी शेजारी एक मुलगा श्वास रोखून उभा होता. मी पैसे दिले.

तिसऱ्या आठवड्यात फोन आला. “आजी, तू घेतलेल्या गेममधला माणूस आपोआप डावीकडे जातो.”

मला आधी वाटलं, काही राजकीय विनोद आहे. मग कळलं की जॉयस्टिकला हात न लावताही खेळातलं पात्र डावीकडे सरकत भिंतीला जाऊन धडकतं. याला ‘ड्रिफ्ट’ म्हणतात, हेही त्यानंच सांगितलं. बॅटरी अडीच तासांत मान टाकत होती. आणि दहा हजार गेममधले निम्मे एकच, नावं तेवढी वेगळी. हे ऐकून मला नव्वदच्या दशकातला ‘ब्रिक गेम’ आठवला. दोन पेन्सिल सेलवर चालणारं ते यंत्र तेव्हा घरोघरी होतं आणि त्याच्या कपाळावर ‘९९९९ इन १’ असं लिहिलेलं असे. विटा रचण्याचा खेळ, गाडीचा खेळ, आणखी चार-दोन. बाकी सगळी वेगाची आणि पातळीची फिरवाफिरवी. माझ्या मुलानं ते यंत्र झिजेपर्यंत वापरलं, पण ९९९९ वा खेळ कोणता, हे आमच्या घरात कुणालाही कळलं नाही. तेव्हा खोक्यावरचे आकडे फुगवण्याची कला काही आजची नव्हे.

नातवाचं यंत्र मी घरी मागवून घेतलं आणि जुन्या सवयीनं तपासणीला बसले. शेजारच्या इंजिनिअर मुलानं मदत केली. पहिली गंमत रॅमची निघाली. रॅम म्हणजे काम करताना कागद पसरायचं टेबल. टेबल जितकं मोठं, तितकी कामं एका वेळी उघडी ठेवता येतात. खोक्यावर आठ जीबी, आत प्रत्यक्षात चार. उरलेले चार ‘विस्तारित’, म्हणजे साठवणुकीच्या जागेतले उसने घेतलेले. कपाटातला एक खण मोकळा करून त्यालाही टेबल म्हणायचं, असा हा प्रकार. ही युक्ती अलीकडे स्वस्त मोबाइल फोनांच्या जाहिरातीतही सर्रास दिसते. ती बेकायदा आहे असं मी म्हणत नाही. बारीक अक्षरांत खुलासा असतोच. पण कॅश क्रेडिटची मर्यादा स्वतःचं भांडवल म्हणून ताळेबंदात दाखवणारे महाभाग माझ्या टेबलासमोर बसून गेले आहेत. त्यांची आठवण आल्याशिवाय राहिली नाही.

दुसरी गोष्ट बॅटरी. आमच्याकडे शाखा तपासणीला अधिकारी आला की आधी तिजोरी उघडून रोकड मोजायचा, वही नंतर. इथं रोकड म्हणजे वीज. ३.७ व्होल्टची ५००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे साडेअठरा वॉट-तास. यंत्र खेळताना साधारण पाच वॉट खात असेल तर साडेतीन तासांहून थोडं जास्त चालायला हवं. शेजारच्या मुलानं चार्जरच्या वाटेत एक छोटा मीटर लावला. पूर्ण रिकाम्या बॅटरीत पूर्ण भरेपर्यंत गेली जेमतेम चौदा वॉट-तास, आणि त्यातलीही काही उष्णतेत वाया गेलेली. वहीत साडेअठरा, तिजोरीत चौदाच्या आत. एखाद्या शाखेत असं निघालं असतं तर त्या रात्री कुणी घरी गेलं नसतं.

पण नुसतं ‘स्वस्त ते वाईट’ म्हणून हात झटकणं सोपं आहे, आणि ते खरंही नाही. हातात धरून खेळायच्या यंत्रांच्या इतिहासातलं सगळ्यात गाजलेलं यंत्र मुळात स्वस्तच होतं.

गुनपेई योकोई हे त्याच्या कर्त्याचं नाव. क्योटोच्या निन्टेंडो कंपनीत तो १९६५ साली लागला, तेव्हा ही कंपनी पत्ते छापत असे; १८८९ पासून तिचा तोच धंदा. पत्त्यांच्या कारखान्यातली यंत्रं चालू ठेवणं हे योकोईचं काम. फावल्या वेळात त्यानं लांबवता येणारा एक लाकडी पंजा बनवला. तो मालकाच्या नजरेस पडला. ओरडा खावा लागणार म्हणून हा घाबरला होता, पण मालकानं तेच खेळणं बाजारात आणायला सांगितलं. १९६६ च्या त्या ‘अल्ट्रा हॅण्ड’चे दहा लाखांहून जास्त नग खपले. पुढं बुलेट ट्रेनमध्ये कंटाळलेला एक नोकरदार खिशातल्या कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसलेला योकोईनं पाहिला, आणि त्यातून १९८० साली ‘गेम अँड वॉच’ ही खिशात मावणारी खेळांची मालिका निघाली. कॅल्क्युलेटरच्या कंपन्यांची आपसांतली चढाओढ इतकी झाली होती की त्यांचे छोटे पडदे आणि चिप आता कवडीमोलानं मिळत होते. योकोईनं ते उचलले.

त्याचं एक सूत्र होतं. जपानी शब्दांचा अर्थ इंग्रजीत ‘वाळलेल्या तंत्रज्ञानाचा आडवा विचार’ असा करतात, पण मला मराठीतला ‘मुरलेलं’ हा शब्द त्याला जास्त जवळचा वाटतो. जे तंत्र जुनं झालं आहे, ज्याच्या खोडी सगळ्यांना कळल्या आहेत, जे भरपूर आणि स्वस्त मिळतं, ते घ्यायचं आणि ज्या कामासाठी ते कुणी वापरलं नव्हतं त्या कामाला लावायचं. लोणचं मुरलं की त्याचं काय होणार हे माहीत असतं; नव्या कैरीचं सांगता येत नाही.

१९८९ साली आलेला ‘गेम बॉय’ या सूत्राचा नमुना. त्याचे आकडे त्या काळातही लाजिरवाणे होते. पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा, हिरवट, रंग नाहीत, नुसत्या चार छटा. मागून उजेडही नाही, म्हणजे अंधारात खेळताच येत नसे. प्रोसेसर चार मेगाहर्ट्झच्या किंचित वर. कामाची मेमरी आठ किलोबाइट. या लेखाचा मजकूरसुद्धा तिच्यात मावणार नाही. त्याच वर्षी अटारीचं ‘लिंक्स’ आणि पुढच्या वर्षी सेगाचं ‘गेम गिअर’ आलं. दोन्ही रंगीत, दोन्हींचे पडदे उजळ. शेजारी शेजारी ठेवली असती तर गेम बॉयकडे कुणी ढुंकून पाहिलं नसतं.

पण गेम गिअरला सहा पेन्सिल सेल लागत आणि ते तीन ते पाच तासांत संपत. गेम बॉयला चार, आणि ते पंधरा तास टिकत. अमेरिकेत गेम बॉय होता ८९ डॉलर ९९ सेंटला, लिंक्स जवळजवळ १८० डॉलरला. आणि बटणं? अंगठ्याखाली येणारी ती अधिक-चिन्हाच्या आकाराची दिशादर्शक कळ योकोईनंच १९८२ च्या एका ‘गेम अँड वॉच’मध्ये आणलेली, ती हजारो वेळा दाबली तरी कुरकुरत नसे. आखाती युद्धात बॉम्बहल्ल्यात होरपळलेला, पुढचा भाग वितळलेला एक गेम बॉय न्यूयॉर्कच्या निन्टेंडो दुकानात कित्येक वर्षं मांडून ठेवला होता. तो चालू होता. पुढच्या रंगीत भावंडासकट या यंत्राचे जगभर सुमारे ११ कोटी ८७ लाख नग खपले. योकोई १९९७ साली रस्त्यावरच्या अपघातात गेला. शेवटी शेवटी त्यानं ज्या यंत्राचं काम केलं, ते ‘वंडरस्वान’ १९९९ साली दुसऱ्याच कंपनीनं बाजारात आणलं. ते एका पेन्सिल सेलवर चालायचं.

मला या गोष्टीतलं मर्म असं दिसतं की योकोईनंही काटकसरच केली, पण ती डोळ्यांसाठीच्या गोष्टींत केली. हाताला लागणाऱ्या गोष्टींत केली नाही. रंग कापले, वेग कापला, उजेड कापला. बटण, बॅटरी आणि कवच यांना हात लावला नाही. माझ्या साडेसहा हजारांच्या यंत्रानं नेमकं उलट केलं होतं. स्क्रीन झकास, आठ कोअर, आकड्यांची आरास. आणि मुलाचा अंगठा दिवसभर जिथं टेकतो ती जॉयस्टिक बहुधा सगळ्या यंत्रातली सगळ्यात स्वस्त वस्तू. कारण उघड आहे. रॅम आणि स्क्रीन खोक्यावर आकड्यांत छापता येतात. बटण कसं लागतं, हे छापता येत नाही.

टॅब्लेटला बटणं जोडण्याची ही कल्पना कुठून आली, हेही बघण्याजोगं आहे. २०१० साली आयपॅड आला आणि बटणं नसलेली काचेची पाटी हे सगळ्या जगाचं वेड झालं. खेळही त्याच पाटीवर आले. पण काचेवर अंगठ्याला आधार नसतो. बोट कुठं आहे ते बघायला नजर खाली न्यावी लागते आणि बोटानंच अर्धा खेळ झाकला जातो. तेव्हा फ्रान्सच्या आर्कोस कंपनीनं २०१२ च्या अखेरीस युरोपात ‘गेमपॅड’ नावाचा टॅब्लेट काढला. दीडशे युरोंच्या आत, सात इंची पडदा, दोन कोअरचा प्रोसेसर, एक जीबी रॅम, आणि दोन्ही अंगांना बटणं व जॉयस्टिक. माझ्या नातवाच्या यंत्राचा हा थोरला चुलता म्हणायला हरकत नाही.

त्यात एक हुशारी होती. अँड्रॉइडचे बहुतेक खेळ बोटासाठी लिहिलेले. त्यांना बटण म्हणजे काय ते ठाऊकच नसतं. म्हणून आर्कोसनं मध्ये एक दुभाष्या बसवला. पडद्यावर ‘उडी’ जिथं लिहिलं आहे तिथं एक खूण ओढून ठेवायची आणि ती खूण उजव्या बटणाला जोडायची. बटण दाबलं की खेळाला वाटतं, काचेवर बोट टेकलं. आजही या वर्गातल्या जवळजवळ प्रत्येक यंत्रात हा दुभाष्या असतो. पण दुभाष्याच्या मार्फत गप्पा किती रंगणार? काही खेळांत तो छान चालतो, काहींत अडखळतो. शिवाय आर्कोसच्या जॉयस्टिकबद्दल परीक्षकांची तक्रार तेव्हाच होती. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी यंत्र घ्यायचं, तीच गोष्ट उरलेल्या पैशांत बसवलेली.

आपल्याकडचा धडा याहून महाग होता. २०१० च्या जुलैमध्ये केंद्र सरकारनं विद्यार्थ्यांसाठी ३५ डॉलरचा संगणक येणार असं जाहीर केलं आणि ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत ‘आकाश’ टॅब्लेटचं उद्घाटन झालं. किंमत आधी ठरली आणि यंत्र त्या किमतीत कोंबलं गेलं. ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि २५६ एमबी रॅम हे त्या किमतीत समजून घेता आलं असतं. योकोईनं तर त्याहून कमी घेतलं होतं. पण काटकसर आली ती स्पर्शाच्या पडद्यावर. दाब देऊन दोन थर एकमेकांना टेकवायचे, तेव्हा त्याला कळणार, असा तो ‘रेझिस्टिव्ह’ पडदा. ज्या वस्तूला बोटाशिवाय दुसरं काही दिलेलंच नाही, तिला बोटच नीट कळत नव्हतं. पुढं काम मुंबईच्या आयआयटीकडे आलं आणि २०१२ च्या नोव्हेंबरमधल्या दुसऱ्या आकाशला हलक्या स्पर्शाचा ‘कपॅसिटिव्ह’ पडदा आणि एक गिगाहर्ट्झचा प्रोसेसर मिळाला. तोवर पहिल्याची बदनामी घरोघर पोचली होती. नावावरचा असा डाग धुवायला किती वर्षं लागतात, हे कर्ज एकदा थकवलेल्या माणसाला विचारावं.

आता त्या डावीकडे जाणाऱ्या माणसाकडे वळू. साध्या जॉयस्टिकमध्ये कार्बनच्या पातळ पट्टीवरून एक धातूचा स्पर्शक घासत जातो आणि तो कुठं आहे यावरून यंत्राला दिशा कळते. घासून घासून पट्टी झिजते, धूळ बसते, आणि दांडी मध्यावर असली तरी यंत्राला वाटतं, ती कलली आहे. हा रोग फक्त गरिबांच्या यंत्रांना होतो असं नाही. निन्टेंडोच्या ‘स्विच’मध्ये तो इतका पसरला की २०२० च्या जूनमध्ये कंपनीच्या अध्यक्षांना भागधारकांपुढं दिलगिरी व्यक्त करावी लागली. योकोईच्याच कंपनीला! यावर औषध आहे आणि तेही मुरलेलं. एडविन हॉल या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञानं १८७९ साली शोधलेला परिणाम वापरून चुंबकाच्या मदतीनं, काहीही न घासता, दांडीची जागा कळते. सेगानं १९९८ साली ‘ड्रीमकास्ट’च्या जॉयस्टिकमध्ये हेच तंत्र वापरलं होतं. आज चीनच्या शेन्झेन भागातल्या छोट्या कंपन्या पाच-सात हजारांच्या कितीतरी यंत्रांत अशा चुंबकी जॉयस्टिक देतात. आणि जून २०२५ मध्ये ४४९ डॉलर ९९ सेंटला आलेल्या ‘स्विच २’मध्ये त्या नाहीत. म्हणून म्हणते, किंमत बघून निकाल देता येत नाही.

या शेन्झेनवाल्यांबद्दल दोन शब्द अधिक लिहायला हवेत, कारण योकोईचे खरे वारस मला तेच वाटतात. अॅनबर्निकसारखी कंपनी साडेतीन इंची पडदा, जुनी स्वस्त चिप, बरी बटणं एवढ्यावर यंत्र करते. नवे खेळ त्यावर चालत नाहीत. ऐंशी-नव्वदच्या दशकातले चालतात, आणि झकास चालतात. मात्र इथं माझ्यातला कर्ज अधिकारी पुन्हा जागा होतो. यंत्राबरोबर येणाऱ्या मेमरी कार्डात हजारो खेळ भरलेले असतात, त्यांचं ‘टायटल’ कुणाकडं आहे? बहुतेकांचं विक्रेत्याकडं नसतंच. घर चांगलं, हवेशीर, पण सातबारा दुसऱ्याच्या नावावर. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्रॅम ‘साहित्यकृती’त मोडतो, म्हणजे कायद्याच्या कपाटात मारिओ आणि माझ्या कादंबऱ्या एकाच फळीवर आहेत. माझ्या एका कादंबरीची पीडीएफ व्हॉट्सअॅपवर फिरताना मी पाहिली आहे. ‘आजी, फुकट मिळतंय तर काय झालं’ या प्रश्नाला नातवाशी बोलताना मला तेच उदाहरण द्यावं लागलं. त्यानं थोडा विचार केला आणि विचारलं, “पण ती कादंबरी दुकानात मिळते का?” नाही मिळत. आवृत्ती संपून नऊ वर्षं झाली. जुन्या खेळांचंही पुष्कळसं असंच आहे. या वादात तो मला सहज हरवतो.

गेल्या दोन वर्षांत मात्र या सगळ्या हिशेबाखालची जमीनच सरकली आहे. इलेक्ट्रॉनिक वस्तू जुनी झाली की स्वस्त होते, हा आपल्या पिढीनं पाहिलेला नियम. टीव्ही, कॅल्क्युलेटर, मोबाइल, सगळ्यांचं तेच झालं. २०२५ साली हा नियम मोडला. २०१७ च्या मार्चमध्ये २९९ डॉलर ९९ सेंटला आलेला पहिला स्विच २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत ३३९ डॉलर ९९ सेंटचा झाला. साडेआठ वर्षांचा म्हातारा आणि किंमत वर. कंपनीनं बाजारातल्या परिस्थितीचं कारण दिलं. त्याच महिन्यात सोनीनंही प्लेस्टेशन ५ ची अमेरिकेतली किंमत पन्नास डॉलरनं वाढवली. तिकडे आयात शुल्काचा घोळ होता. चीनहून अमेरिकेत येणाऱ्या छोट्या पार्सलांची करमाफी मे २०२५ मध्ये गेली आणि काही काळ अॅनबर्निकला चीनमधून तिकडे माल पाठवणंच थांबवावं लागलं.

शुल्क तिकडचं, आपल्याला काय, असं म्हणता येईल. पण वर्षाच्या अखेरीस मेमरीचे भाव भडकले, ते सगळ्या जगासाठी. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांना प्रचंड मेमरी लागते, ते रोख आणि आगाऊ पैसे मोजतात, आणि जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. त्यांनी आपले कारखाने मोठ्या गिऱ्हाइकाकडे वळवले तर त्यात नवल नाही. बँकासुद्धा तेच करतात. ३ डिसेंबर २०२५ रोजी मायक्रॉननं सर्वसामान्य ग्राहकांना मेमरी विकणारी आपली ‘क्रुशिअल’ ही शाखा बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्याच आठवड्यात ‘रास्पबेरी पाय’ या शिकणाऱ्यांच्या स्वस्त संगणकाच्या काही मॉडेलांच्या किमती याच कारणानं वाढल्या.

म्हणजे कुठल्या तरी डेटा सेंटरमधला यंत्रमानव आणि तपकीर गल्लीतला माझा नातू एकाच चिपसाठी रांगेत उभे आहेत, आणि रांगेत पुढं कोण जाणार हे उघड आहे. साडेसहा हजारांत यंत्र बसवणाऱ्या कारखानदाराला मग दोनच वाटा राहतात. खोक्यावरचा आठाचा आकडा खाली आणायचा, किंवा आकडा तसाच ठेवून खऱ्याचे चार दोन करायचे आणि उसन्याचे चार सहा. किंवा जॉयस्टिकमधून, बटणातून, बॅटरीतून आणखी थोडं काढायचं, जिथलं काढलेलं दिसत नाही. मोजायला गेले तर या तीन वाटा झाल्या. पण पहिली कुणी धरेल असं मला वाटत नाही.

बटणाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगायची राहू नये. ‘फोर्टनाइट’ हा खेळ फुकट मिळतो. तो बनवणाऱ्या एपिक गेम्स कंपनीविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनची तक्रार अशी होती की खेळातल्या बटणांची मांडणी मुद्दाम गोंधळाची ठेवली आहे. एक बटण चुकून दाबलं की खरेदी होते, आणि पैसे आईवडिलांच्या कार्डातून जातात. २०२२ च्या डिसेंबरमध्ये कंपनीनं ग्राहकांना परत देण्यासाठी २४ कोटी ५० लाख डॉलर भरायचं कबूल केलं. मुलांच्या खासगी माहितीच्या प्रकरणातले साडेसत्तावीस कोटी वेगळे. स्वस्त यंत्र आणि फुकट खेळ या जोडीकडे मी म्हणूनच जरा संशयानं बघते. मुद्दल माफ केलं आहे असं कुणी सांगितलं की व्याज कुठून वसूल होतंय ते शोधावं. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आणली. पगार झाल्या दिवशी संपणारी खाती ज्यांनी काउंटरवरून पाहिली आहेत, त्यांना ते पटेल. पण तो कायदा पैजेच्या पैशांसाठी आहे. दहा वर्षांच्या मुलासमोर दर पाच मिनिटांनी उघडणाऱ्या ‘आणखी हिरे घ्या’ या दुकानासाठी नाही. तिथं अजून आजी-आजोबा आणि त्यांनी कार्डाला घातलेला पासवर्ड एवढाच बंदोबस्त आहे. माझ्या नातवाच्या टॅब्लेटमध्ये मी कार्ड घातलेलंच नाही. इंटरनेट न लागणाऱ्या छोट्या यंत्रांना माझं मत त्यामुळंच जास्त आहे, सातबाऱ्याचा प्रश्न असला तरी.

पुन्हा असं यंत्र घ्यायचं झालं तर मी काय बघेन? आकडे शेवटी. आधी यंत्र हातात घेऊन प्रत्येक बटण दहा-दहा वेळा दाबेन, जॉयस्टिक पूर्ण फिरवून सोडेन आणि ती मध्यावर येऊन गप्प बसते का ते बघेन. रॅम विचारताना ‘खरी किती’ असा शब्द वापरेन. दुकानदार हसतात, पण सांगतात. अँड्रॉइडची शेवटची सुरक्षा-दुरुस्ती कोणत्या तारखेची आहे ते सेटिंगमध्ये दिसतं. दोन वर्षांपूर्वीची असेल तर त्यावर जीमेलसुद्धा उघडू नये. आणि बॅटरीवर, चार्जरवर भारतीय मानक ब्यूरोचा शिक्का व ‘आर’नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते पाहीन. टॅब्लेट, चार्जर आणि लिथियम बॅटऱ्यांना ही नोंदणी सक्तीची आहे, आणि तो क्रमांक ब्यूरोच्या मोबाइल अॅपमध्ये घालून खरा की खोटा ते घरबसल्या कळतं. बाकी काही फसलं तर पैसे जातील. लिथियम बॅटरी फसली तर पांघरुणात आग लागते, आणि मुलं ही यंत्रं पांघरुणातच घेऊन झोपतात.

जुन्या यंत्राची जॉयस्टिक एका मोबाइल दुरुस्तीवाल्यानं अडीचशे रुपयांत बदलून दिली. दोन महिने ठीक चाललं. मग माणूस उजवीकडे जायला लागला.

परवा आम्ही पुन्हा गल्लीत गेलो, त्याच दुकानात. या वेळी नातवानं एका चिनी यंत्राचा नीट अभ्यास केलेला. चुंबकी जॉयस्टिक, छोटा पडदा, किंमत आधीच्याहून हजारभर कमी. मी म्हटलं, “जरा खोक्यातून काढून दाखवा. बटणं दाबून बघायची आहेत.”

“काकू, सील फोडलं की परत घेता येत नाही,” दुकानदार म्हणाला. “घेणार असाल तर फोडतो. यावर सगळं लिहिलेलं आहे बघा.”

त्यानं खोकं फिरवून आकड्यांची बाजू आमच्यासमोर धरली. नातवानं माझ्याकडे पाहिलं. मी “बघू मग” म्हटलं, आणि आम्ही पायऱ्या उतरून रसाच्या गुऱ्हाळाकडे निघालो. अजून तीन दुकानं बघायची होती.